बाळ बसत नाही, बोलत नाही: थेरपी कुठून सुरू करायची आणि घरी कशी करायची

"घाई कशाला, त्याचा बाबाही दीड वर्षाचा झाल्यावरच चालला." हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पंचाईत अशी, की ज्या बाळाला खरोखर मदत हवी असते त्याच्याही घरी हेच बोललं जातं आणि त्यात सहा-आठ महिने निघून जातात. म्हणून आधी थांबायचं कुठवर ते पाहू, मग थेरपीकडे वळू.

थांबायचं कुठवर

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची वाढ मोजली. त्यातली ९९ टक्के मुलं ९.२ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसली, ११.४ महिन्यांपर्यंत धरून उभी राहिली आणि १७.६ महिन्यांपर्यंत एकटी चालली. म्हणजे बाबाचं ते दीड वर्ष अगदी काठावरचं होतं. सुमारे ४ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्यामुळे 'रांगलं नाही, थेट उभं राहिलं' एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर वयाचा हिशेब वेगळा. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरतात. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे लवकर आलं. ते आज १० महिन्यांचं असेल तर विकासासाठी त्याचं वय ८ महिने. हे 'दुरुस्त वय' दोन वर्षांचं होईपर्यंत वापरायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

काही गोष्टींसाठी मात्र वाट पाहायचीच नसते. तीन महिन्यांनंतरही बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नाही. चार महिने उलटून गेले तरी मान धरत नाही. मुठी सतत आवळलेल्या, अंगठा आत. कपडे बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतं. ('आमचं डावखुरं आहे' असं कौतुक होतं, पण इतक्या लवकर हात ठरत नाही, दुसरा हात कमजोर असू शकतो.) वर्षाचं झालं तरी बोट दाखवणं, टाटा करणं, नावाला वळून पाहणं यांतलं काहीच नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही. आणि कुठल्याही वयात, येत असलेली गोष्ट विसरायला लागणं.

एक खूण वेगळी सांगायला हवी. झोपेतून उठल्यावर बाळ मान खाली टाकतं, दोन्ही हात फेकतं, पुन्हा पुन्हा, काही सेकंदांच्या अंतराने, ओळीने दहा-वीस वेळा. घरच्यांना वाटतं दचकतंय किंवा पोटात मुरडा आलाय. हे लहान बाळांच्या फिट्सचं एक रूप असू शकतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हे झटके औषधाने थांबल्याशिवाय थेरपीचा उपयोग फारसा दिसत नाही, कारण रोज शिकलेलं रोज पुसलं जातं.

थेरपीच्या आधी तपासणी

फिजिओथेरपिस्टचा नंबर मिळवून थेट व्यायाम सुरू करण्याकडे कल असतो. आधी बालरोगतज्ज्ञांकडून चार गोष्टी पाहून घ्या.

कान: बोलणं उशिरा असेल तर ऐकण्याची तपासणी आधी, मग बाकी सगळं. 'ताट आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं' हा पुरावा नव्हे. मोठा, जाड आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'श', 'क' ऐकू येत नसतील. ओएई आणि बेरा या तपासण्या झोपलेल्या बाळावर होतात, दुखत नाहीत. नियम असा आहे: महिन्याच्या आत चाळणी (प्राथमिक तपासणी), तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र किंवा इतर उपाय.

डोळे: फार लवकर किंवा फार कमी वजनाच्या बाळांचा पडदा तपासलेला आहे ना, ते डिस्चार्ज कार्डावर पाहा.

थायरॉइड, लोह आणि बी१२: यातलं बी१२ आपल्याकडे हमखास विसरलं जातं. आई शाकाहारी, बाळ सहा महिन्यांनंतरही फक्त अंगावरच्या दुधावर, अंगकांती काळवंडत चाललेली, केस विरळ तांबूस, हसणं-खेळणं मावळलेलं, कधी हात थरथरणारे. असं बाळ 'मंद' नसतं, उपाशी मेंदूचं असतं. डॉक्टरांनी दिलेलं बी१२ आणि वरचं अन्न सुरू झालं की काही आठवड्यांत ते पुन्हा पाहायला, हसायला लागतं. त्याला आधी व्यायामाला नेणं म्हणजे डिझेल नसलेली गाडी ढकलणं.

डोक्याचा घेर: प्रत्येक भेटीत टेपने मोजून तक्त्यावर मांडलेला हवा.

सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. शंका आलेलं मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. लोक त्याला 'डीईआयसी' म्हणतात. पथकाची वाट पाहत बसायचं कारण नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्याकडून चिठ्ठी घेऊन जाता येतं. बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवा, त्यात विकासाच्या पायऱ्याही छापलेल्या असतात.

कोण काय करतं

फिजिओथेरपिस्ट मान धरण्यापासून चालण्यापर्यंतच्या मोठ्या हालचाली पाहतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे 'ओटी', हातांचा वापर, जेवण, कपडे, खेळ, स्पर्श-आवाज सहन होणं, आणि बसण्याची नीट सोय. स्पीच थेरपिस्ट बोलणं, समजणं आणि गिळणंही. विशेष शिक्षक थोड्या मोठ्या मुलांचं शिकणं. (ओटीचं भारतातलं पहिलं विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातच कमला निंबकरांनी सुरू केलं. तरीही 'ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर का?' हा प्रश्न अजून विचारला जातो.)

नोंदणी विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात फिजिओ आणि ओटी यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. नंबर भिंतीवर नसेल तर मागा.

पहिल्या भेटीला नेण्याच्या गोष्टी: जन्माचं डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद, चालू औषधांची यादी, बाळाचं नेहमीचं एक खेळणं, आणि तीन व्हिडिओ, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे: जमिनीवर मोकळं सोडलेलं बाळ, जेवताना, आणि घरच्या कुणाशी खेळताना. नव्या जागी बाळ रडतं, आणि रडणाऱ्या बाळाची तपासणी अर्धीच होते. तिथे घरचा व्हिडिओ कामाला येतो.

पहिल्या भेटीतून तुम्ही तीन गोष्टी घेऊन निघायला हवं: बाळाला आत्ता काय येतं, पुढच्या १२ आठवड्यांत काय यावं, आणि त्यासाठी घरी रोज काय करायचं. यातलं काही न सांगता फक्त 'आठवड्यातून पाच दिवस या' म्हटलं गेलं, तर दुसरीकडे विचारून पाहा.

ध्येय कसं लिहायचं

'स्नायू बळकट करणं' हे ध्येय नव्हे. कधी झालं ते कळत नाही. असं लिहा: 'अन्वय १२ आठवड्यांत पाटावर पाय टेकवून, हात न टेकता ३ मिनिटं बसेल आणि समोरच्या डब्यातून ५ ठोकळे काढेल.' कोण, कुठे, किती, कशाच्या मदतीने. एका वेळी दोन, फार तर तीन ध्येयं. त्यातलं निदान एक आईने किंवा आजीने निवडलेलं असावं, कारण रोज करायचं त्यांनाच आहे. 'मांडीवर धरून न ठेवता भाजी चिरता यावी' हे उत्तम ध्येय आहे. त्याचा अर्थच मुळी बाळ स्वतः बसावं असा.

आता हिशेब. सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडणं) असलेल्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं, की एक नेमकं ध्येय गाठायला त्याच कामाचा साधारण १५ ते २५ तास सराव लागतो. आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांची थेरपी घेतली आणि त्यातली २० मिनिटं या ध्येयावर गेली, तर आठवड्याला ४० मिनिटं. १५ तास भरायलाच साडेबावीस आठवडे लागतील. त्याला घरी रोजची २० मिनिटं जोडा: आठवड्याला १८० मिनिटं, म्हणजे ३ तास. मग १५ ते २५ तासांचा सराव पाच ते आठ आठवड्यांत भरतो. थेरपीच्या खोलीतल्या ४५ मिनिटांचं खरं काम तुम्हाला शिकवणं हे आहे. म्हणून थेरपिस्ट बाळाला आत घेऊन दार लावत असतील, तर आत बसू द्या म्हणून आग्रह धरा. आणि शिकवलेलं त्यांच्यासमोर तुमच्या हाताने करून दाखवा. नुसतं पाहून घरी आलं की हात चुकीच्या जागी पडतो.

सराव म्हणजे बाळाने केलेली हालचाल. आपण त्याचे पाय वर-खाली केले तर सराव आपल्या हातांचा होतो. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचे पुरावे एकत्र मांडले. मुलाने स्वतः, नेमक्या कामासाठी, खऱ्या जागी केलेला सराव वर राहिला. दुसऱ्याने अंग हलवून देणारे प्रकार खाली गेले.

घरी: पोटावर ते पायावर

खालचा क्रम सुमारे ९ महिने दुरुस्त वयाच्या, मान धरणाऱ्या पण न बसणाऱ्या बाळाला धरून लिहिला आहे. मान अजून डळमळत असेल तर पहिल्या पायरीवरच राहा.

पोटावर. गादीवर नको, बाळ रुततं आणि हाताने जोर लावता येत नाही. फरशीवर सतरंजी, वर दुहेरी चादर. वेळ झोपेतून उठल्यावरची. दूध पिऊन निदान अर्धा-पाऊण तास झालेला हवा. सुरुवात १-२ मिनिटं, दिवसातून ६-८ वेळा. हळूहळू दिवसभराची बेरीज ३० मिनिटांवर न्या. डोकं उचलत नसेल तर ८-१० सेंटिमीटर जाड टॉवेलची गुंडाळी छातीखाली, काखेच्या रेषेत. कोपरं खांद्यांच्या जरा पुढे. तुमचा एक तळहात बाळाच्या ढुंगणावर, पायांच्या दिशेने हलका दाब. वजन मागे गेलं की डोकं आपोआप हलकं होतं. खेळणं डोळ्यांच्या रेषेत, वीतभर अंतरावर. चकचकीत स्टीलचं ताट उभं धरलं तर त्यात स्वतःचं तोंड दिसतं. महागड्या खेळण्यांपेक्षा बाळ त्याच्याकडे जास्त वेळ पाहतं. फार रडत असेल तर कुणाच्या तरी छातीवर, ती व्यक्ती लोडाला टेकून बसलेली. झोपवायचं मात्र पाठीवरच.

बसणं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश पाहू. बाळाला पाय पसरून बसवलं की पाठीची कमान होते आणि ते मागे कलंडतं. घरचे म्हणतात पाठ कमजोर आहे. अनेकदा मांडीच्या मागचे स्नायू आखूड आणि ताठ असतात. पाय सरळ केले की ते कटीचं हाड मागे खेचतात आणि पाठीला वाकावंच लागतं. उपाय: गुडघे वाकलेले असू द्या. तुमच्या मांडीवर आडवं, किंवा ८-१० सेंटिमीटर उंच घट्ट घडी केलेल्या वाकळेवर बसवा, तळपाय जमिनीला टेकलेले. आता कमरेला दोन्ही बाजूंनी धरून कटी किंचित पुढे आणा. पाठ सरळ झालेली लगेच दिसेल.

आधार वरून खाली उतरवत न्यायचा. पहिल्यांदा हात छातीशी, मग बरगड्यांच्या खाली, मग कमरेवर, शेवटी फक्त मांड्यांवर. एका पातळीवर बाळ सलग ३० सेकंद, तीन वेळा टिकलं की हात एक पायरी खाली. घरोघरची चूक उलटी असते: काखेत धरून ठेवतात. मग धड काही करतच नाही, कारण करायची गरजच पडत नाही.

समोर छातीच्या उंचीवर उलटा डबा किंवा पोळपाट ठेवा, त्यावर वाटी-चमचा. दोन्ही हात पुढे आले की शरीर स्थिर होतं. ते जमलं की वस्तू आधी उजवीकडे, मग डावीकडे, हात जेमतेम पोचेल इतकी. कलंडू द्या, पण सावकाश. हात टेकून सावरायला बाळ त्यातूनच शिकतं. चहूबाजूंनी उशा लावून ठेवलेलं बाळ सावरायला शिकत नाही.

झोपेतून उठवताना दोन्ही हात धरून सरळ ओढू नका. आधी कुशीवर वळवा, खालच्या कोपरावर वजन येऊ द्या, कटीला हलकासा आधार द्या आणि पाच आकडे मोजा. पुढचं बाळ करेल. लंगोट बदलणं, आंघोळ, उचलणं धरून दिवसातून दहा-बारा वेळा असं उठवणं होतंच. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उभं राहणं. १५ ते २० सेंटिमीटरच्या पाटावर किंवा उलट्या टोपलीवर बसवा, बसल्यावर गुडघे काटकोनात येतील इतकी उंची. समोर दिवाण, त्यावर खेळणं. टाचा टेकलेल्या, गुडघे पावलांच्या बोटांवर. तुमचे हात गुडघ्यांच्या जरा वर, हलका दाब खाली आणि पुढे. बाळ पुढे झुकेल, उठेल. ५ वेळा, थोडी विश्रांती, असे ३ फेरे. बसताना धप्प न पडता हळू बसणं हाही तितकाच सराव आहे. काखेत धरून 'चाल चाल' करायला लावलं की बाळ चवड्यांवर उभं राहतं आणि ज्या मुलाचे पाय ताठ आहेत त्याचा ताठपणा वाढतो. नंतर दिवाण धरून बाजूने सरकणं, मग प्लास्टिकची खुर्ची ढकलणं. फरशीवर खुर्ची सटकते, म्हणून तिच्यावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा. घरात अनवाणीच.

चाकांचा पांगुळगाडा मात्र घरात आणूच नका. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत जातं, स्वतःचा तोल सांभाळत नाही आणि उंबरठा, जिना, गरम पातेलं यांच्यापर्यंत क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

मालिशबद्दल. तेल लावणं छान, त्यात आईचा हात आणि बोलणं असतं. पण पाय धरून उलटं टांगणं, हात-पाय विरुद्ध टोकांना खेचणं आणि नाका-कानात तेल सोडणं बंद करा. ताठ स्नायूंना झटका दिला की ते अजून ताठ होतात, नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. मालिशवाल्या मावशींना हे आजीनेच सांगितलं तर बरं पडतं.

एक हात मागे पडत असेल तर चांगला हात मऊ मोज्याने झाकून कमजोर हाताला खेळवण्याची पद्धत आहे: दिवसाला ३० मिनिटं, आठवड्यात ६ दिवस, ६ आठवड्यांचा एक टप्पा. हे ओटीने शिकवल्यावरच करा. खेळ सोपा निवडता आला नाही तर बाळ चिडून दोन्ही हात आखडून घेतं.

जेवण

आडवं झोपवून, नाक दाबून भरवणं हा थेट धोका आहे. पाठ टेकलेली, मान सरळ, हनुवटी किंचित खाली, पाय टेकलेले. चपटा छोटा चमचा जिभेच्या मध्यावर हलका दाबा आणि वरचा ओठ स्वतः खाली येईपर्यंत थांबा. चमचा वरच्या ओठावर किंवा हिरडीवर खरवडून रिकामा करू नका, ओठ मिटायला बाळ शिकणार नाही. पातळ पेज गळ्यात वेगाने उतरते. गिळायला त्रास असेल तर चमच्यावर थांबेल इतकी मऊ खिमट बरी. किती घट्ट, ते स्पीच थेरपिस्टने पाहून ठरवावं. भरवताना खोकला, जेवल्यावर आवाज ओलसर-घुरघुरता, वारंवार न्यूमोनिया, किंवा एक जेवण अर्ध्या तासावर लांबणं: यातलं काहीही असेल तर घरी प्रयोग थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्या.

बोलणं

आधी तीन गोष्टी बाजूला करू. वेखंड चाटवल्याने बोलणं येत नाही, उलट्या मात्र होऊ शकतात. जिभेखालची तार कापल्याने उशिरा बोलणारं मूल बोलायला लागत नाही. उशिराचं कारण क्वचितच जिभेत असतं. आणि 'पुढे इंग्रजी शाळेत जायचंय, घरी मराठी बंद करा' हा सल्ला ऐकू नका. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. जी भाषा आजी-आजोबांना, आईला सहज येते तीच मुलाशी भरभरून बोलली जाते. तुटक इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढंच उरतं.

करायचं काय: मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. ते ज्याच्याकडे पाहतंय त्याबद्दल बोला, आपल्याला शिकवायचंय त्याबद्दल नव्हे. मग मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, बहुतेक मोठी माणसं दोनवरच पुन्हा बोलतात. मुलाने केलेला कुठलाही इशारा, आवाज, नजर ही त्याची पाळी समजून उत्तर द्या. एक शब्द आला की तुम्ही एक जोडा: ते म्हणालं 'पाणी', तुम्ही 'थंड पाणी'. 'म्हण, पाणी म्हण, पुन्हा म्हण' याने मुलं तोंड मिटतात. 'हे काय? ते काय?' ही परीक्षा दिवसातून जितकी कमी तितकं बरं.

मागण्याची संधी मुद्दाम तयार करा. चिवडा पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात; डबा मुलाच्या हातात. वाटीत चार दाणेच द्या, सगळी वाटी नको. (चार वर्षांखालच्या मुलाच्या चिवड्यात शेंगदाणे नकोत, श्वासनलिकेत अडकतात.) बडबडगीतात शेवटचा शब्द सोडून थांबा. 'मंमं', 'भूर', 'गाई', 'काऊ' हे सगळे शब्दच आहेत, मोजताना धरा. हातवारे शिकवले तर बोलणं येणार नाही ही भीती चुकीची. 'दे', 'संपलं', 'ये' यांच्या खुणा बहुधा शब्दाच्या आधी येतात आणि त्याला वाट करून देतात.

पडदा: दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्ही नकोच, त्यानंतर दिवसाला एक तासाच्या आत. व्हिडिओतली ताई उत्तराची वाट पाहत नाही, म्हणून तिच्याकडून संवाद शिकता येत नाही. नजर देत नाही, बोट दाखवत नाही, एकच खेळ तासन्‌तास, असं चित्र असेल तर १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची ऑटिझम चाळणी डॉक्टरांकडून करून घ्या. ती चाळणी आहे, निदान नव्हे. निकाल काहीही आला तरी वरचं सगळं आजपासून सुरू करता येतं.

स्प्लिंट

पायाचा स्प्लिंट (पाऊल आणि घोटा नीट धरून ठेवणारा साचा) नवा असेल तर पहिल्या दिवशी अर्धा ते एक तास, मग रोज वाढवत. काढल्यावर कातडी पाहा. लाली २०-३० मिनिटांत गेली नाही तर घालणं थांबवा आणि दुरुस्त करून घ्या. आत सुती, शिवण नसलेला मोजा, गुडघ्यापर्यंत, चुणी न पाडता. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे दिवसातून दोनदा मोजा बदलावा लागतो. बोटं कडेबाहेर आली की स्प्लिंट लहान झाला. 'दुखतं म्हणून घालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा टाच आत नीट न बसलेली असते: गुडघा वाकवा, टाच पूर्ण मागे सरकवा, घोट्याचा पट्टा सर्वांत आधी बांधा.

नोंद आणि बारा आठवड्यांनी

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रोजच्या चौकटीत दोन आकडे लिहा: किती मिनिटं सराव आणि ध्येयाचा आकडा (आज किती सेकंद बसलं). दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच अंतरावरून एक मिनिटाचा व्हिडिओ. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. व्हिडिओत दिसतो, किंवा दिसत नाही, आणि दोन्ही कळणं गरजेचं.

१२ आठवड्यांनी आकडा हललाच नसेल तर क्रमाने पाहा: सराव खरोखर झाला का, ध्येय फार मोठं होतं का, बाळ आजारी, अशक्त किंवा फिट्सच्या औषधाने सुस्त आहे का, आणि निदान बरोबर आहे का. या चारांनंतर थेरपिस्ट बदलण्याचा विचार. वर्षभर एकच कागद, तेच दहा व्यायाम आणि नवं ध्येय नाही, असं असेल तर मात्र आधीच बदला.

'स्टेम सेलने ऑटिझम बरा' अशा जाहिरातींपासून लांब राहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. त्या पैशांत कित्येक वर्षांची थेरपी होते.

कागदपत्रांचं थोडक्यात: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळालं की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. थेरपीच्या खर्चासाठी त्यात वेगळी मर्यादा असते, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. मुंबईत ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हालचाल, स्प्लिंट, व्हीलचेअर यांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था या केंद्र सरकारच्या आहेत.

ताप, जुलाब किंवा फिट आल्यावर दोन-तीन दिवस सराव बंद ठेवा, फक्त नीट बसवणं आणि नीट भरवणं चालू. परत सुरू करताना आधीच्या निम्म्या वेळेपासून. गणपतीला गावी जाताना पिशवीत तीन गोष्टी टाका: स्प्लिंट आणि जादा मोजे, चपटा चमचा, आणि ध्येयाचा कागद. पाट, डबा, वाटी आणि हौशीने खेळवणारी माणसं तिथे असतातच. फक्त कुणी काखेत धरून चालवू नये, एवढं पोचल्या पोचल्या सांगून ठेवा.